श्रमिक माणसाचे चित्र आणि पाहणाऱ्याची जबाबदारी : सुधीर पटवर्धन यांचे जीवन व कलाकार्य

सारांश

ठाणे येथे तीस वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून वैद्यकीय व्यवसाय करीत असतानाच भारतीय समकालीन चित्रकलेत स्वतःचे स्थान निर्माण करणारे सुधीर पटवर्धन यांच्या जीवनाचा व कलाकार्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्यात आला आहे. मुंबई-ठाणे परिसरातील श्रमिक माणूस हा त्यांच्या चित्रांचा मध्यवर्ती विषय होय. सुशिक्षित मध्यमवर्गीय कलावंताने श्रमिकाचे चित्र काढावे, तर ते कोणत्या अधिकाराने आणि कोणासाठी, हा प्रश्न त्यांच्या कलेच्या मुळाशी आहे. या प्रश्नाला त्यांच्या चित्रांनी वेळोवेळी दिलेली उत्तरे येथे कालक्रमाने तपासली आहेत.

बीजशब्द : समकालीन चित्रकला, मानवाकृती, श्रमिक वर्ग, नागरीकरण, ठाणे जिल्हा, कला आणि समाज.

प्रस्तावना

ठाण्याहून कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली की काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गावे मागे टाकीत रस्ता अंजूरफाट्याला येतो. अठराव्या शतकातील वसईच्या मोहिमेत ज्यांचे नाव घेतले जाते त्या गंगाजी नाईकांचे अंजूर याच परिसरातले. एके काळी भातशेती, खाडी आणि आगरी-कोळी वस्त्या ही या भूभागाची ओळख होती. पुढे भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट आणि त्यानंतर महामार्गालगत पसरत गेलेली गोदामे यांनी ती ओळख बदलून टाकली. ज्या शेतात आजोबांनी भात लावला त्याच जागेवरील गोदामात नातू माल मोजण्याचे काम करतो, अशी उदाहरणे येथील महाविद्यालयांच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरात शोधावी लागत नाहीत.

या बदलाची नोंद अर्थशास्त्राने आकडेवारीत केली, भूगोलाने नकाशात केली, समाजशास्त्राने स्थलांतराच्या अभ्यासात केली. परंतु बदलत्या भूभागात वावरणाऱ्या माणसाचा चेहरा, त्याच्या खांद्याचा बाक, गर्दीत उभे राहण्याची त्याची रीत यांची नोंद कोणी केली, असा प्रश्न विचारल्यास उत्तरासाठी चित्रकलेकडे वळावे लागते. आणि ते उत्तर भिवंडीपासून फार दूर नाही. खाडीच्या पलीकडे, ठाण्यात राहून चित्रे काढणारे सुधीर पटवर्धन यांनी जवळजवळ पन्नास वर्षे हेच काम केले आहे.

मराठी साहित्यात श्रमिक माणूस केंद्रस्थानी आला तो साधारणपणे १९६० नंतर. नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ मध्ये, बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे ग्रंथ पदवी व पदव्युत्तर वर्गांत शिकविले जातात. त्याच काळाच्या पुढच्या टप्प्यावर, त्याच महानगरात दृश्यकलेत जे घडले त्याचा परिचय मात्र कलाशिक्षणाच्या चौकटीबाहेर फारसा होत नाही. ही उणीव अंशतः भरून काढणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

जडणघडण

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुणे येथे झाला. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १९७२ मध्ये वैद्यकशास्त्राची पदवी घेतली आणि १९७३ मध्ये ते मुंबईस आले. १९७५ पासून २००५ पर्यंत त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. २००५ नंतर त्यांनी पूर्ण वेळ चित्रकलेस दिला.

या तपशिलातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबईत १८५७ पासून सर ज. जी. कला विद्यालयाची परंपरा आहे आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य नामवंत चित्रकार याच संस्थेतून घडले आहेत. पटवर्धन यांनी अशा कोणत्याही संस्थेत चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. चित्रे पाहणे, पुस्तके वाचणे आणि सातत्याने रेखाटन करणे या मार्गाने ते चित्रकलेपर्यंत पोहोचले. फ्रेंच चित्रकार पॉल सेझान यांचा त्यांच्यावरील प्रभाव अभ्यासकांनी नोंदविला आहे. वस्तूचा घाट, तिचे वजन आणि तिने व्यापलेली जागा यांचा विचार सेझान यांच्या चित्रांत आढळतो. सफरचंद असो वा डोंगर, तो कॅनव्हासवर घट्टपणे ‘असला’ पाहिजे, हा आग्रह तेथे दिसतो. पटवर्धन यांनी हा आग्रह माणसाच्या शरीराला लावला.

त्यांच्या घडणीचा काळही विसरता येणार नाही. १९७२ च्या सुमारास दलित पँथरची स्थापना झाली होती, १९७४ च्या मे महिन्यात देशव्यापी रेल्वे संप झाला होता आणि जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात देशात आणीबाणी होती. महाविद्यालयीन शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या त्या पिढीतील अनेक तरुणांप्रमाणे पटवर्धन यांनाही मार्क्सवादी विचारांचे आकर्षण वाटले. समाज बदलावयाचा असेल तर श्रम करणाऱ्या माणसाच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, ही भूमिका त्यांनी स्वीकारली. मात्र ही भूमिका घोषणाफलकाच्या स्वरूपात त्यांच्या चित्रांत उतरली नाही. मुठी आवळलेला, क्षितिजाकडे पाहणारा आदर्श कामगार त्यांनी रंगविला नाही. त्यांना रोज दिसत होता तो लोकलमध्ये दाटीवाटीने उभा राहिलेला, इराण्याच्या हॉटेलात चहा घेत बसलेला, पुलाच्या पायऱ्या चढणारा माणूस.

वैद्यक आणि चित्रदृष्टी

वैद्यकीय व्यवसाय हा पटवर्धन यांच्या चित्रकलेच्या आड आला, असे मानण्याचे कारण नाही. ठाण्यासारख्या औद्योगिक शहरात क्ष-किरण तपासणीसाठी येणाऱ्या रुग्णांमध्ये सर्व थरांतील माणसे असतात. छातीच्या चित्रासाठी उभा राहणारा कामगार आपला सदरा काढून, श्वास रोखून यंत्रासमोर उभा राहतो. त्या क्षणी त्याचे शरीर हीच त्याची संपूर्ण ओळख असते. अशी शरीरे तीस वर्षे रोज पाहणाऱ्या माणसाच्या चित्रांत मानवी शरीराला इतके महत्त्व यावे, हे स्वाभाविक म्हणावे लागेल.

क्ष-किरण चित्राचे शास्त्रही येथे थोडक्यात सांगणे उपयुक्त ठरेल. क्ष-किरण शरीरातून पार होताना निरनिराळ्या ऊतींकडून कमीअधिक प्रमाणात शोषले जातात. हाडे अधिक किरण शोषतात, म्हणून ती पांढरी दिसतात. हवेने भरलेली फुप्फुसे काळी दिसतात. म्हणजे हे चित्र मूलतः सावल्यांचे असते. तज्ज्ञाने त्या सावल्यांवरून आतील रचना आणि तीमधील बिघाड ओळखावयाचा असतो. पृष्ठभागावरील खुणांवरून आतील स्थितीचा अंदाज बांधणे हे काम क्ष-किरणतज्ज्ञ करतो आणि व्यक्तिचित्र काढणारा चित्रकारही करतो. तथापि दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. क्ष-किरण चित्रात माणसाचा चेहरा, त्वचा, कपडे, वर्ग, जात हे सारे नाहीसे होते. चित्रकाराला मात्र नेमके हेच दाखवावयाचे असते. पटवर्धन यांच्या सुरुवातीच्या चित्रांतील माणसांना हाडामांसाचा भरीवपणा आहे आणि त्याच वेळी त्यांच्या सामाजिक स्थानाच्या खुणाही आहेत.

मुंबईच्या कलाविश्वात अशा दुहेरी वाटेने जाणारे ते एकटे नव्हते. कवी, नाटककार व चित्रकार गीव्ह पटेल (१९४०–२०२३) हेही व्यवसायाने डॉक्टर होते. दोघांच्याही कलेत शरीराची दुर्बलता आणि शहरातील सामान्य माणूस यांना स्थान आहे. याशिवाय व्यवसायामुळे मिळणाऱ्या आर्थिक स्थैर्याचा एक परिणाम असा की चित्र विकले जाईल की नाही, या चिंतेने विषय बदलण्याची वेळ कलावंतावर येत नाही. श्रमिक माणसाची चित्रे दिवाणखान्यात लावण्यासाठी विकत घेणारा ग्राहक १९७० च्या दशकात फारसा नव्हता, हे लक्षात घेता या मुद्द्याचे महत्त्व कळून येते.

सुरुवातीची चित्रे : माणूस म्हणजे शरीर

‘इराणी रेस्टॉरंट’ आणि ‘रनिंग वूमन’ ही १९७७ मधील चित्रे या टप्प्याची प्रातिनिधिक उदाहरणे होत. या काळात कॅनव्हासवर एखाददुसरीच मानवाकृती प्रामुख्याने असते आणि ती बहुतांश जागा व्यापते. पार्श्वभूमी मोजकी असते. आकृतीचा घाट ठोकळ व जड असतो. अशा माणसासमोर प्रेक्षक उभा राहिला की त्याला त्या माणसाच्या उपस्थितीची दखल घ्यावीच लागते. रस्त्यावर ज्याच्याकडे एरवी कोणी पाहत नाही, त्या माणसाला चित्राच्या मध्यभागी मोठा करून बसविणे हीच येथे एक सामाजिक कृती ठरते.

पटवर्धन यांचे पहिले एकल प्रदर्शन १९७९ मध्ये नवी दिल्ली येथील ‘आर्ट हेरिटेज’ या कलादालनात झाले. सुप्रसिद्ध नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी व रोशन अल्काझी यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेली ही संस्था नव्या कलावंतांना व्यासपीठ मिळवून देण्यासाठी ओळखली जात असे.

याच वळणावर ‘ट्रेन’ (१९८०), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१) आणि ‘अ‍ॅक्सिडेंट ऑन मे डे’ (१९८१) ही चित्रे आली. एकट्या माणसाच्या जागी आता समूह आला. उपनगरी रेल्वे ही या समूहाची रंगभूमी ठरली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत या मार्गाने मुंबई परिसराचे जीवन कसे घडविले, याचा विचार करता या विषयाची निवड किती अर्थपूर्ण आहे ते ध्यानात येते. कामगार दिन आणि अपघात हे दोन शब्द एकाच शीर्षकात आणून कलावंताने त्या समूहाच्या आशा आणि त्याची रोजची असुरक्षितता यांना शेजारी ठेवले आहे.

‘प्लेस फॉर पीपल’ आणि मानवाकृतीचा प्रश्न

१९८१ मध्ये मुंबई व दिल्ली येथे भरलेले ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा मानले जाते. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम्, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन या सहा कलावंतांचा त्यात सहभाग होता. कलासमीक्षक गीता कपूर यांनी त्यासाठी विवेचक निबंध लिहिला.

या प्रदर्शनाचे महत्त्व समजण्यासाठी त्यापूर्वीची परिस्थिती पाहावी लागते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ने भारतीय चित्रकलेला आधुनिकतेची जोरदार दिशा दिली. त्यानंतरच्या दशकांत वासुदेव गायतोंडे, सय्यद हैदर रझा यांच्यासारख्या श्रेष्ठ कलावंतांच्या प्रभावाने अमूर्त चित्रकलेला मोठी प्रतिष्ठा लाभली. चित्राने कथा सांगू नये, त्याने केवळ रंग, रेषा व अवकाश यांच्या भाषेत बोलावे, अशी धारणा बळावली. अशा वातावरणात ‘लोकांसाठी जागा’ असे नाव देऊन ओळखू येणारी माणसे, ओळखू येणाऱ्या गल्ल्या आणि सांगता येणाऱ्या गोष्टी कॅनव्हासवर परत आणणे ही जाणीवपूर्वक घेतलेली भूमिका होती.

या सहा कलावंतांच्या वाटा अर्थातच भिन्न होत्या. खख्खर यांनी लहान दुकानदार व कारकून यांचे जग हळुवार विनोदाने रंगविले, तर शेख यांनी आठवण, पुराण आणि इतिहास यांची गुंफण केली. पटवर्धन यांनी स्वतःसमोर ठेवलेला प्रश्न मात्र अधिक थेट होता. ज्या माणसांची ही चित्रे आहेत त्यांना ती स्वतःची वाटतील काय? कामगाराने चित्रासमोर उभे राहून ‘हा मी’ असे म्हणावे, अशी ही अपेक्षा होती. ही अपेक्षा साधी दिसत असली तरी ती पूर्ण करणे सोपे नाही. कारण त्यासाठी चित्र समजण्याजोगे असावे लागते आणि ते त्या माणसापर्यंत पोहोचावेही लागते. पहिली अट चित्राच्या भाषेची आहे, तर दुसरी समाजव्यवस्थेची. पुढील आयुष्यात पटवर्धन यांनी या दोन्ही अटींशी झगडा केलेला दिसतो.

१९८२ मध्ये ब्रिटनमधील भारत महोत्सवाच्या निमित्ताने लंडनच्या रॉयल अकादमीत भरलेल्या समकालीन भारतीय कलेच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रांचा समावेश झाला. नवी दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, भोपाळच्या भारत भवनातील रूपंकर संग्रहालय आणि अमेरिकेतील सेलम येथील पीबॉडी एसेक्स संग्रहालय यांच्या संग्रहांत त्यांच्या कलाकृती आहेत.

माणसाकडून शहराकडे

‘टाउन’ (१९८४) या चित्रापासून एक स्पष्ट बदल जाणवतो. माणसे लहान होतात आणि त्यांच्या भोवतालचा परिसर चित्राचा विषय बनतो. चाळी, कारखान्यांच्या भिंती, टेकडीवर चढत गेलेल्या झोपड्या, नाले आणि रस्ते यांनी कॅनव्हास भरून जातो. ‘नाला’ (१९८५) हे चित्रही याच काळातले. आकृतीच्या भरीवपणाकडून भूभागाच्या विस्ताराकडे झालेला हा प्रवास होय.

येथे एक तांत्रिक प्रश्न उद्भवतो. युरोपीय प्रबोधनकाळात रूढ झालेल्या यथार्थदर्शनाच्या पद्धतीत पाहणारा एका ठिकाणी स्थिर उभा असतो आणि दूरच्या सर्व रेषा एका बिंदूकडे धावतात. परंतु ठाणे, उल्हासनगर वा भिवंडी यांसारखे शहर एका जागी उभे राहून दिसत नाही. पुलावरून दिसणारे शहर वेगळे, गल्लीत शिरल्यावर दिसणारे वेगळे आणि लोकलच्या खिडकीतून सरकणारे आणखी वेगळे. म्हणून पटवर्धन एकाच चित्रात अनेक दृष्टिबिंदू योजतात. खालच्या भागात प्रेक्षक रस्त्यावरील माणसांच्या पातळीवर असतो, तर वरच्या भागात तो उंचावरून छपरांकडे पाहत असतो. ही योजना नवी नाही. इटलीतील सिएना येथे आम्ब्रोजिओ लोरेंझेत्ती यांनी १३३८–३९ मध्ये रंगविलेल्या सुशासनाच्या भित्तिचित्रात शहर असेच पसरलेले आहे. मुघल लघुचित्रांतही उंच क्षितिजरेषेमुळे एकाच पृष्ठभागावर अनेक प्रसंग मांडता येतात. आधुनिक औद्योगिक नगरासाठी या जुन्या युक्तीचा उपयोग करणे हे पटवर्धन यांचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

या पद्धतीचा आशयाशी निकट संबंध आहे. एकच दृष्टिबिंदू मानला की एकच व्यक्ती महत्त्वाची ठरते आणि बाकीचे सारे तिच्या मागे जाते. दृष्टिबिंदू अनेक झाले की चित्रातील प्रत्येक कोपऱ्याला स्वतःचे जीवन लाभते. कडेला भाजी निवडणारी बाई आणि मध्यभागातून जाणारा माणूस यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद राहत नाही. अशा रीतीने लोकशाहीचे एक मूल्य चित्राच्या रचनेतच अंतर्भूत होते.

संप, दंगल आणि बदललेले महानगर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापड गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. संपाची औपचारिक सांगता कधी झालीच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कापडनिर्मितीचा मोठा भाग भिवंडीसारख्या यंत्रमाग केंद्रांकडे सरकला. संघटित कामगाराचे रूपांतर असंघटित मजुरात झाले. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले विणकर व मजूर भिवंडीच्या मागांवर राबू लागले. ज्या वर्गाच्या बळावर सामाजिक परिवर्तनाची आशा बाळगली होती तोच वर्ग डोळ्यांदेखत विखुरला जाणे, हा डाव्या विचारांच्या कलावंतांना बसलेला मोठा धक्का होता.

दुसरा आघात धार्मिक हिंसेचा. १९७० आणि १९८४ च्या मे महिन्यांत भिवंडीने दंगलींचा दाह सोसला होता. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबईत जे घडले त्याने कामगारवस्तीतील एकजुटीवरील विश्वासाला खोल तडा गेला. पटवर्धन यांचे ‘रायट’ हे चित्र १९९६ मधील आहे. श्रमिकांचा समूह म्हणजे सहज न्यायाच्या बाजूने उभी राहणारी शक्ती, ही समजूत यानंतर टिकणे शक्य नव्हते. ‘ट्रेन’मधील गर्दी आणि दंगलीतील जमाव ही एकाच शहराची दोन रूपे आहेत, हे मान्य करणे भाग होते. पटवर्धन यांनी ते मान्य केले आणि तरीही श्रमिक माणसाकडे पाठ फिरविली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

‘लोअर परळ’ आणि ‘उल्हासनगर’ ही दोन्ही चित्रे २००१ मधील आहेत. पहिल्यात गिरणगावाचा बदलता भूभाग विषय म्हणून येतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट खुली केल्यावर चिमण्यांच्या शेजारी काचेचे मनोरे उभे राहू लागले आणि फिनिक्स मिलच्या आवारात झगमगते व्यापारसंकुल आले. दुसऱ्या चित्राचा विषय असलेले उल्हासनगर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेले. मुंबईचे चित्र काढताना महानगराच्या कडेचे असे शहर निवडणे सूचक आहे. महानगराचे खरे ओझे त्याच्या कडेवरील शहरे वाहतात, ही जाण त्यामागे दिसते. यंत्रमाग आणि गोदामे यांची भिवंडी हीदेखील अशीच कडेची नगरी होय.

गुंतलेला साक्षीदार

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. डॉक्टर असलेला, ब्राह्मण मध्यमवर्गीय परंपरेचे आडनाव धारण करणारा कलावंत श्रमिकाचे चित्र काढतो, तेव्हा तो त्या माणसाचा प्रतिनिधी असतो की केवळ प्रेक्षक? दलित साहित्याने अनुभवाच्या अधिकाराचा मुद्दा ठामपणे मांडल्यानंतर हा प्रश्न टाळून पुढे जाणे महाराष्ट्रातील कोणत्याही कलावंताला शक्य राहिले नाही.

समीक्षक व कवी रणजित होस्कोटे यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पटवर्धनविषयक ग्रंथाला जे शीर्षक दिले त्याचा आशय ‘गुंतलेला साक्षीदार’ असा मराठीत सांगता येईल. त्यातील ‘गुंतलेला’ या शब्दाला दोन छटा आहेत. साक्षीदार घटनेशी सहानुभूतीने जोडलेला आहे, ही एक छटा. ज्या व्यवस्थेतून ती घटना घडते तिचा लाभ त्यालाही मिळतो, म्हणून तो काही अंशी दोषाचा वाटेकरी आहे, ही दुसरी छटा. पटवर्धन यांच्या उत्तरार्धातील चित्रांत ही दुसरी छटा अधिकाधिक गडद होत जाते. पाहणारा मध्यमवर्गीय माणूस स्वतःच चित्रात येतो. घरातील खोली, खिडकी, आरसा, चित्रकाराची अभ्यासिका, वार्धक्य आणि कौटुंबिक ताण हे विषय येतात. खिडकीबाहेर शहर आणि खिडकीच्या आत पाहणारा, अशी रचना आढळू लागते.

यास काही वाचक माघार म्हणतील. श्रमिकाचा चित्रकार शेवटी स्वतःच्या घरात परतला, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच निराधार नाही. कारखान्यांच्या जागी निवासी संकुले आल्यावर ठाण्याचा रस्ताच बदलला, तसा चित्रकाराचा विषयही बदलला, एवढेच म्हणून तो निकाली निघत नाही. परंतु या बदलाकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपणास आहे असे गृहीत धरण्यापेक्षा, आपण कोठे उभे राहून पाहत आहोत ते उघड करणे अधिक प्रामाणिकपणाचे असते. वैद्यकीय अहवालात तपासणी कोणत्या स्थितीत व कोणत्या कोनातून केली ते लिहावे लागते. त्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नसतो. पटवर्धन यांनी आपल्या चित्रांच्या अहवालात पाहणाऱ्याची स्थिती नोंदविली, असे म्हणता येईल.

चित्र प्रेक्षकाकडे जाते तेव्हा

‘हा मी’ असे कामगाराने म्हणावे या अपेक्षेची दुसरी अट अशी की चित्र त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. मूळ चित्र एकच असते. ते विकले गेले की संग्राहकाच्या घरी किंवा संग्रहालयाच्या भांडारात जाते. कवितेचे पुस्तक वाचनालयात मिळते, चित्र मिळत नाही. सुर्वे यांची कविता कामगार सभांतून म्हटली गेली; लोकलमधील प्रवाशांचे चित्र मात्र त्या प्रवाशांना सहजासहजी पाहावयास मिळत नाही. श्रमिकाच्या चित्राचे मालक श्रीमंत असतात, ही विसंगती पटवर्धन यांच्यासारख्या कलावंताला सलल्याशिवाय राहिली नसेल.

या संदर्भात २००८–०९ मधील ‘एक्सपांडिंग होरायझन्स’, म्हणजे विस्तारणारी क्षितिजे, या फिरत्या प्रदर्शनाचा उल्लेख आवश्यक आहे. बोधना या संस्थेच्या वतीने समकालीन भारतीय कलाकृती महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत नेण्यात आल्या आणि त्या प्रदर्शनाचे संयोजन पटवर्धन यांनी केले. दिल्ली-मुंबईच्या कलादालनांपलीकडे राहणाऱ्या प्रेक्षकाला मूळ कलाकृती समोर उभे राहून पाहता यावी, हा त्यामागील हेतू होता. स्वतःच्या चित्रांपुरता विचार न करता पाहण्याची संधी सर्वांना मिळावी यासाठी प्रतिष्ठित कलावंताने वेळ व श्रम द्यावेत, ही बाब त्यांच्या कलाकार्याचाच भाग मानली पाहिजे.

३० नोव्हेंबर २०१९ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले होते. त्याचे संयोजन नॅन्सी अडजानिया यांनी केले. १९७० च्या दशकातील एकट्या आकृतींपासून ‘मुंबई प्रॉव्हर्ब्ज’ (२०१४) सारख्या अनेक फलकांच्या विस्तीर्ण नगरचित्रांच्या काळापर्यंतचा त्यांचा प्रवास त्या निमित्ताने चर्चिला गेला. प्रदर्शन संपल्यानंतर काही आठवड्यांतच टाळेबंदी जाहीर झाली आणि मुंबई, ठाणे, भिवंडी येथील मजूर महामार्गाने आपापल्या गावांकडे चालू लागले. ज्या माणसांना पटवर्धन यांनी चार दशके चित्राच्या मध्यभागी आणले होते, ती माणसे देशाला एकाएकी दिसू लागली. ती तोवर नव्हती असे नाही; त्यांच्याकडे पाहिले गेले नव्हते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

१) औपचारिक कलाशिक्षण नसतानाही सातत्यपूर्ण निरीक्षण, रेखाटन आणि वाचन यांच्या बळावर पटवर्धन यांनी स्वतंत्र चित्रभाषा घडविली. वैद्यकीय व्यवसायाने त्यांना विषयाचे सान्निध्य आणि आर्थिक स्वातंत्र्य ही दोन्ही दिली.

२) एकटी आकृती, समूह, नगर आणि अखेरीस पाहणारा स्वतः, अशा टप्प्यांनी त्यांची कला विकसित झाली. प्रत्येक टप्प्यामागे मुंबई-ठाणे परिसरातील सामाजिक-आर्थिक परिवर्तन आहे.

३) अनेक दृष्टिबिंदूंची रचना ही त्यांच्या चित्रांतील केवळ तांत्रिक बाब नसून सर्व माणसांना समान स्थान देण्याच्या मूल्याशी ती निगडित आहे.

४) श्रमिकाचे प्रतिनिधित्व करण्याच्या अधिकाराविषयीचा प्रश्न त्यांनी सोडविला असे म्हणता येणार नाही, तो त्यांनी लपविला नाही, हे त्यांचे श्रेय होय.

अध्यापनाच्या दृष्टीने या अभ्यासाचा एक उपयोग सुचविता येईल. नागरीकरण, असंघटित कामगार, स्थलांतर हे विषय अनेक विद्याशाखांच्या अभ्यासक्रमांत आहेत. हे विषय शिकविताना ‘टाउन’ किंवा ‘लोअर परळ’ या चित्राची प्रतिमा वर्गात दाखवून विद्यार्थ्यांना केवळ एवढेच विचारावे की यात तुमच्या ओळखीचे कोण दिसते. अंजूर-भिवंडी परिसरातील वर्गात या प्रश्नाला उत्तर मिळण्यास विलंब लागणार नाही. कोणाचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करीत असतील, कोणाचा भाऊ गोदामात हमाली करीत असेल. पुस्तकातील ‘कामगार वर्ग’ या पदाला तेव्हा घरातील माणसाचा चेहरा लाभेल. आणि कामगाराने चित्रासमोर उभे राहून ‘हा मी’ असे म्हणावे, ही १९८१ मधील अपेक्षा, त्याच्या मुलाने वा मुलीने ‘हे आमचे’ असे म्हटले तरी, काही अंशी पूर्ण झाली असे मानावयास हरकत नाही.